विनावेश गटातलं अस्वल

अष्टमी, रोहा
६ नोव्हेंबर २०२४

सरू,

चौतीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. लग्न ठरलं तेव्हासुद्धा लिहिलं नव्हतं. गोविंदाला फोन केला तर म्हणाला, "दाजी, ताई फोनवर येत नाय. काय सांगायचं ते लिहून पाठवा, मी हातात देतो." तुझा भाऊ आहे, त्याच्याशी काय वाद घालणार. म्हणून लिहायला बसलो.

कामाचं सांगतो. पेणच्या बाहुली मंडळाचा फॉर्म आलाय, तुझ्या नावानं. स्पर्धा ९ फेब्रुवारीला, नेहमीच्या हॉलमध्ये. हातानं शिवलेल्या टेडींचे यंदा दोन गट केलेत. एक वेशभूषा गट, म्हणजे काहीतरी विषय घ्यायचा आणि टेडीला तसं सजवायचं. दुसरा विनावेश गट. त्यात अंगावर काही चालणार नाही, गळ्यात रिबीनसुद्धा नाही. नाव ३० तारखेपर्यंत द्यायचं, गट कुठला ते स्पर्धेच्या सकाळी सांगितलं तरी चालतं.

तू चैत्रात कापून ठेवलेलं टेडी मशीनवर तसंच आहे. डोकं तयार, डोळे लावलेले. डावी बाजू शिवलेली, उजवी मोकळी. येताजाता माझ्याकडे बघतं. त्याचं काय करू? पुरं करून पाठवू का? आणि पाठवलं तर कपडे घालून की तसंच?

मागच्या स्पर्धेचं मनात आहे म्हणून विचारतो. तेव्हा गट एकच होता. तू टेडी तसंच ठेवणार म्हणत होतीस. मला ते बोडकं वाटत होतं. तू चहाला गेलीस तेवढ्यात मी पिशवीतून धोतर, शेला आणि फेटा काढून त्याला नेसवलं. तुझ्या माहेरच्या कारखान्यात हल्ली गणपतीच्या मूर्तींना खरं कापड नेसवतात ना, तिथूनच सुचलं होतं. शेला सरकू नये म्हणून खांद्यावर फेव्हिकॉल लावला. तू परत आलीस, बघितलंस आणि जागेवर जाऊन बसलीस. पहिला नंबर आला. मंडळाच्या बाईंनी तुझ्या हातात ढाल दिली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. येताना एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. नागोठण्यापर्यंत मला वाटलं, झोपलीस.

पुढे जूनमध्ये दरवर्षीसारखी भावाच्या कारखान्यावर हात लावायला जोह्याला गेलीस. गणपती गेले, दसरा गेला, परवा दिवाळीही गेली. जितेश पुण्याहून पोरंबाळं घेऊन आला होता. आई कुठं म्हणाला. मी म्हटलं, परदेशी जाणाऱ्या मूर्तींचं काम निघालंय. त्यालाही पटलं नाही बहुतेक.

पहिला नंबर आला त्यात माझं काय चुकलं, एवढं तरी कळव.

महिपती

*

अष्टमी
२४ नोव्हेंबर २०२४

सरू,

तुझं उत्तर नाही. गोविंदा म्हणाला, पत्र दिलं, ताईनं वाचलं आणि उशीखाली ठेवलं. उशीखाली ठेवलं हे चांगलं की वाईट, ते त्याला सांगता आलं नाही.

मी फॉर्म भरून टाकला. नावाच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं, आणि थोडा वेळ थांबून त्याच्याखाली माझं. चालतं का दोघांचं, म्हणून मंडळात फोन करून विचारलं. चालतं म्हणाले.

आता टेडीचं. दोन्ही हात, दोन्ही पाय सांध्यात बसवले. हे काम मला जमतं. पस्तीस वर्षं कंपनीत फिटर होतो, चकतीत खिळा घालून वळवायचा तर डोळे मिटून वळवीन. डोकं फिरतं, खांदे फिरतात, कुरकुर नाही. उजवी बाजू मी शिवली. तू शिकवलेलास तोच टाका घातला. घट्ट आलाय जरा. आत सावरीचा कापूस भरला, पोटात थोडा जास्त झाला.

कपड्यांचं मात्र कुणाला विचारावं कळेना, म्हणून सगळ्यांना विचारलं. शेजारची शकू म्हणाली, नवरी करा, मुंडावळ्या बांधा, माझ्याकडे जरीचा काठ आहे. जितेश फोनवर म्हणाला, क्रिकेटवाला करा. आमच्या शिफ्टमधला प्रविण आला होता, तो म्हणाला, कंपनीचा ड्रेस घाला, डोक्यावर हेल्मेट. मी खरंच शिवला. जुन्या खाकी पँटच्या पायातून शर्ट काढला, पिवळ्या प्लास्टिकच्या वाटीचं हेल्मेट केलं. घालून समोर ठेवलं आणि बघत बसलो. रिटायरमेंटच्या दिवशीच्या फोटोत मी दिसतो तसंच दिसत होतं. लगेच काढलं.

मग शकूचा जरीचा काठ लावून बघितला. मग इरलं घेतलेला शेतकरी करून बघितला. दर वेळी असं होतं की कपडे दिसतात आणि टेडी कुठं जातं कळत नाही. काढले की वाटतं, हे आत्ता दवाखान्यातून उठून आलंय, असं लोकांपुढे कसं बसवायचं. घालावं तर खोटं वाटतं, काढावं तर लाज वाटते. तुला हे कधी वाटलं होतं का? तू तर सरळ म्हणायचीस, अस्वलाला अस्वलासारखं राहू द्या.

डाव्या खांद्यातली चकती बसवताना तिथले टाके थोडे उसवावे लागले, पुन्हा घातले. बाकी तुझे तसेच आहेत. ते नेहमीसारखे आले नाहीत. तेव्हा लाईट कमी असेल.

महिपती

*

अष्टमी
१६ डिसेंबर २०२४

सरू,

मागच्या पत्रात लाईटचं लिहिलं ते खोटं होतं. चैत्रात तू दुपारी दारात बसून शिवत होतीस. लाईटचा संबंध नव्हता.

आणखी एक सांगायचं आहे. गेल्या गुरुवारी मी जोह्याला आलो होतो. पहिल्या गाडीनं पेणला आलो, तिथून जोह्याची गाडी धरली. तुला न्यायला नव्हतो आलो, की आलो होतो, नक्की माहीत नाही. पिशवीत टेडी होतं. म्हटलं, दाखवीन, मग जे होईल ते होईल. कारखान्याच्या रस्त्यापलीकडे शेताच्या बांधाला उभा राहिलो. दरवाजे उघडे होते, आतलं सगळं दिसत होतं.

डोळ्यांच्या कामाला निशिगंधा बसली होती. तुझ्या जागेवर, तुझ्या पाटावर. गोविंदाची पोर इतकी मोठी झाली हे मला माहीतच नव्हतं. हात छान चालत होता तिचा. तू मागे, मूर्तींना पॉलिशपेपर घासत होतीस. बारक्या पोरी करतात ते काम. मी आपलं लग्न ठरवायला आलो तेव्हा तुझ्या बापानं पहिली गोष्ट ही सांगितली होती की आमच्या सरूनं डोळे आखले की मूर्ती बघायला लागते. आणि तू घासत होतीस.

मी आत आलो नाही. परतीची गाडी यायला दीड तास होता. हमरापूरपर्यंत चालत गेलो.

तेव्हापासून रोज हे लिहायचं म्हणतोय. आता लिहितो. मागच्या स्पर्धेत कपडे घातले ते शोभेसाठी नव्हे. तुझे टाके वाकडे आले होते. डाव्या खांद्यापासून काखेपर्यंत, मागून. एक आत, एक बाहेर, मध्ये फट. तू असे टाके उभ्या जन्मात घातले नव्हतेस. स्पर्धेच्या आधी आठवडाभर मी ते बघत होतो. त्याच्याही आधी, दसऱ्याच्या सुमाराला, तुझा चहा बशीत सांडायला लागला होता. तू म्हणालीस, कप मोठा आहे. मी लहान कप आणले. मंगळसूत्राची वाटी ओवायला तू शकूला बोलावलंस, मी बाजूच्या खोलीत होतो, मला बोलावलं नाहीस. मी हे सगळं बघितलं आणि काही बोललो नाही. बोललो तर ते खरं होईल असं वाटायचं.

स्पर्धेत बायका ते टाके बघतील, एकमेकींच्या कानाला लागतील, ते मला सहन झालं नसतं. म्हणून आधीच धोतर शिवून ठेवलं होतं, तुझ्या नकळत, शेजारी शकूच्या मशीनवर. शेला बरोबर त्या खांद्यावर चिकटवला. तुझी लाज राखली असं मला वाटलं.

आता वाटतं की नाही राखली. पण मग काय केलं ते नीट कळत नाही. तू सांग.

महिपती

*

जोहे
२९ डिसेंबर २०२४

श्री. महिपती यांस,

तुम्ही बांधावर उभे होता ते निशिगंधानं बघितलं होतं. "आत्या, मामा आलेत गो," म्हणाली. मी म्हटलं, असू दे, आत यायचं असंल तर येतील. तुम्ही नाय आलात.

माझं अक्षर बघून घ्या. हे तीन दिवस लिहितेय, थोडं थोडं. निशिगंधा म्हणाली, मी लिहिते, तू सांग. मी नको म्हटलं.

माझे टाके वाकडे आलेत हे मला ठाऊक नव्हतं असं तुम्हाला वाटलं? ते माझ्या हातानं घातलेले टाके. मला आठ महिने आधीपासून ठाऊक होतं. रांगोळीची रेघ हलायला लागली तेव्हापासून. मी ते अस्वल तसंच ठेवणार होते ते ह्याचसाठी. स्पर्धेत तपासायला बसलेली बाहेरची बाई, मला ओळखत नाय, माझी भीड पाळत नाय, ती टाका नखानं ओढून बघंल आणि कागदावर लिहील, हे शिवण किती बिघडलंय. मला ते कुणाच्या तरी तोंडून पाहिजे होतं. घरात कोण सांगणार? तुम्ही लहान कप आणले. शकू गप. जितेश म्हणतो, आई तू दमतेस.

आणि मी चहा पिऊन आले तर अस्वलाच्या अंगावर शेला. पहिला नंबर. टाळ्या. ती ढाल मी हातात धरली होती ती थरथरत होती, ते तरी तुम्ही बघितलं का? तुमच्या धोतराला नंबर आला. माझं मला कळायचं ते राहून गेलं.

म्हणून इथं आले. वाटलं, शिवण नाय तर नाय, डोळे तरी जमतात का बघू. पहिल्याच दिवशी एका मूर्तीचा डावा डोळा बिघडला. बुबुळ खाली उतरलं. मी बाजूला ठेवली. जेवून आले तर डोळा नीट. गोविंदानं पुसून परत आखला होता आणि मला सांगतो, "बग, मस्त आलाय तुझा." भावाचंही तेच. तेव्हा मी स्वतःच म्हटलं, पॉलिशपेपर द्या. मला कुणी तिथं बसवलं नाय. मीच बसले. तिथं थरथर चालते, उलट बरी पडते.

गणपतीनंतर निशिगंधाला घेऊन पनवेलच्या डॉक्टरकडे गेले. कंपवात आहे म्हणाला. हळूहळू वाढंल, पण गोळ्या आहेत, हाताचे व्यायाम आहेत, बरीच वर्षं नीट चालंल. सरळ सांगितलं त्यानं. बाहेर आले तेव्हा निशिगंधा रडत होती आणि मला भूक लागली होती. आम्ही वडापाव खाल्ला.

तुम्हाला कळवलं नाय कारण तुम्ही परत काहीतरी पांघरायला आणलं असतं.

अस्वलाचं मला विचारू नका. तुम्ही पुरं केलंत, तुम्ही ठरवा.

सरू

*

अष्टमी
१० फेब्रुवारी २०२५

सरू,

तुझं पत्र आल्यापासून मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा फाडलं. काय लिहिणार, मला वाईट वाटलं एवढंच निघायचं, आणि ते तुला नको होतं. दवाखान्यात तू भाचीला घेऊन गेलीस हे वाचून दोन दिवस रागही आला, खोटं कशाला बोलू. मग राग कुणाचा तेच कळेना. म्हणून गप्प राहिलो. आता स्पर्धा झाली, सांगण्यासारखं काही आहे.

काल सकाळी पेणला गेलो. पिशवीत टेडी आणि पिशवीच्या तळाला खाकी ड्रेस, हेल्मेटसकट. ठरलं नव्हतं काहीच. तू म्हणालीस तुम्ही ठरवा, आणि मला तेच जमत नाही. नोंदणीच्या टेबलावर बाईंनी विचारलं, गट कुठला. मागे रांग होती. मी म्हटलं, जरा थांबा. बाजूला झालो, टेडी काढलं, ड्रेस काढला. डावा खांदा बघितला. मग ड्रेस परत पिशवीत टाकला आणि विनावेश म्हणून सांगितलं. धीर आला होता असं नाही. झाकलं तर तू कधीच परत येणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं. हे कारण बरोबर आहे की स्वार्थाचं, मला अजून ठरवता येत नाही.

त्या गटात अकरा टेडी होती. एकेक असं देखणं की आपलं त्यांच्यात मजुरीला आल्यासारखं बसलेलं. परीक्षक बाई पुण्याच्या होत्या, चष्मा नाकावर, हसणं वगैरे नाही. आपल्यापाशी आल्या, हात फिरवले, पाय फिरवले, मान फिरवली. मग उलटं करून टाका नखानं ओढून बघितला. तू लिहिलं होतंस तसाच.

म्हणाल्या, "ह्या दोन बाजू एका हाताच्या नाहीत."

मी सांगितलं, डावी बायकोची, उजवी माझी.

"डावी बाजू शिकताना शिवलेली आहे का?"

सरू, माझ्या तोंडाशी व्हय आलं होतं. शिकतेय म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. आजूबाजूला पाचसहा जणी उभ्या होत्या, त्यातल्या दोघी मागच्या वर्षीच्या. मी म्हटलं, "नाय. लग्नाआधीपासून ती गणपतीचे डोळे आखत आली. तिला कंपवात झालाय. हात थरथरतो."

मोठ्यानं बोललो असेन, कारण पलीकडच्या टेबलावरच्यासुद्धा वळल्या. हा शब्द मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारला. शकूलाही सांगितला नव्हता, जितेशलाही नाही. कुणी एकमेकींच्या कानाला लागलं का ते बघायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

बाईंनी चष्मा वर केला. वाटलं आता सांत्वन करतील. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण मी दिसतं तेवढंच लिहिणार."

मी म्हटलं, "तेच लिहा. तिला तेच पाहिजे. आणि जमलं तर दोन्ही बाजूंचे मार्क वेगळे द्या."

असा नियम नाही म्हणाल्या. तरी कागदाच्या कडेला पेन्सिलनं लिहिलं. तो कागद ह्या पत्राबरोबर पाठवतोय. मी वाचला, पण तुला काही सांगत नाही, तू तुझा वाच. नंबर आला नाही. शेवटून दुसरे आलो. शेवटच्या टेडीचा कान तिथंच गळून पडला होता.

घरी येताना जितेशला फोन करून तुझ्या आजाराचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मला दीड वर्षापूर्वीच दिसलं होतं. तुम्हाला माहीत नसेल असं वाटलं." म्हणजे आपण सगळे बघत होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्यापासून झाकत होता. ह्याला काय म्हणायचं सांग. प्रेम म्हणावं तर तू आठ महिने जोह्याला घासत बसलीस. दुसरं काही म्हणावं तर तेही खरं नाही.

टेडी घेऊन आलोय. मशीनवर ठेवलंय, अंगावर काही नाही. अजूनही बोडकं वाटतं. पण सवय होईल असं वाटतं.

मी न्यायला येऊ का, हे विचारत नाही. तू ठरव.

महिपती

*

जोहे
१७ फेब्रुवारी २०२५

श्री. महिपती यांस,

कागद मिळाला. खिडकीशी नेऊन दोनदा वाचला, मग निशिगंधाकडून मोठ्यानं वाचून घेतला.

"सांधे उत्तम. भरण पोटात जास्त. डाव्या बाजूचे टाके असमान, अंतर चुकलेले, पण कापड न ओढता घातलेले. उजव्या बाजूचे टाके सारखे, पण कापड आवळलेले. शिवणाऱ्याला कापडाची जाण नाही." आणि कडेला पेन्सिलनं, दहापैकी, डावी चार, उजवी तीन.

माझा अंदाज दोनाचा होता.

बराच वेळ हसले. गोविंदा बघायला आला काय झालं म्हणून. त्याला म्हटलं, आमच्या माणसाचा हात धड हाय, तरी तीनच. मग थोडी रडलेही, ते सांगते, नायतर तुम्ही परत अंदाज बांधत बसाल.

तर चार. चार म्हणजे अजून बरंच शिवता येईल. सांधे तुमचे, टाके माझे, आणि वाकडे आले तर वाकडे. कपडे घालायचे की नाय ते अस्वल पुरं झाल्यावर बसून बोलू. कधी घालूही. मला कपड्यांचं वावडं नाय. न विचारता घातलेल्यांचं हाय.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं रोह्याला येते. स्टँडवर आलात तरी चालंल. माझ्या हातात दोन पिशव्या असतील, एकीत तांदूळ आहेत. त्या लगेच हातातून घेऊ नका. अष्टमीच्या पुलापर्यंत मी नेईन. जड झाल्या तर मी सांगेन.

सरू